पांढऱ्या टेपचे पाच वेढे

स्टेशनबाहेर कातकरी बायका पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बसायला लागल्या की समजायचं, उन्हाळ्याचे आता थोडेच दिवस राहिले. बदलापूरची जांभळं एकेकाळी नावाजलेली. आता त्या झाडांच्या जागी सात-सात मजले उभे आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी राहते, त्यामुळे झाडांविषयी हळहळण्याचा मला फारसा हक्क नाही. पण जांभळं अजून येतात, कुठल्या तरी माळावरून. मी दोन द्रोण घेते, मिठाच्या पाण्यात टाकते आणि ह्यांच्यापुढे बशी ठेवते. हे एकेक जांभूळ खातात आणि बिया बशीच्या कडेने ओळीत लावत जातात, सारख्या अंतरावर. ती ओळ मला बघवत नाही. चार वर्षं झाली, दर उन्हाळ्यात हेच.

हे म्हणजे माझे यजमान. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. तिथे पाइपांच्या जंजाळावर जिकडेतिकडे गोल मीटर बसवलेले असतात, कुठे वाफेचा दाब, कुठे टाकीतली उष्णता. त्या मीटरांचे काटे बरोबर दाखवतात की नाही हे बघायचं, हे ह्यांचं काम. लग्न झाल्यावर सुरुवातीला मला वाटायचं, काटे बघायचे हे काय काम झालं? एकदा बोलून दाखवलं. तेव्हा म्हणाले, "अगं, ऑपरेटर टाकीत डोकावून बघू शकतो का? त्याला काटा सांगेल तेच खरं. काटा खोटं बोलला तर माणसं मरतात." घरातही तीच सवय. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवणार, कुकरच्या शिट्ट्यांमधला वेळ मोजणार. मला कणकण आली की कपाळावर हात ठेवून "नव्याण्णव पॉइंट चार" म्हणणार, आणि नंतर ताप मोजावा तर तेवढाच निघणार. मी थट्टा करायची, की बायकोलाही एक मीटर बसवून टाका, म्हणजे पारा कधी चढतो ते आधी कळेल.

कंपनी काही एका दिवसात बंद झाली नाही. आधी एक प्लांट, मग दुसरा, मग कँटीन. शेवटच्या दिवशी मी डब्यात भरली भेंडी दिली होती, ती तशीच परत आली. त्यानंतर सांगणारे सुरू झाले. माझा भाऊ फोनवरून सांगायचा, दाजी, शेती बघायला इकडे या. शेजारचे सांगायचे, पलीकडच्या सोसायटीत सुपरवायझरची जागा आहे. ह्यांचा एक जुना सहकारी घरी येऊन, माझ्या हातचे पोहे दोनदा मागून घेऊन, सांगून गेला की मीटर-बिटर आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, आपल्याला कोण विचारतोय. हे सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. आणि मग एका दुपारी पंख्याचा रेग्युलेटर बसवताना मी अगदी साधं म्हटलं, "अहो, लाल वायर वरच्या बाजूला होती ना?" त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सगळं जग मला सांगतंय. आता तू तरी काही सांगू नकोस."

मी "बरं" म्हटलं. दोन दिवस ते बोलले नाहीत आणि रेग्युलेटर भिंतीतून वायरीला लोंबत राहिला. ते "बरं" मी किती सहज म्हटलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळची एक गाडी होती, गोल दिव्यांची. तिच्या डॅशबोर्डवर वेगाचा मीटर, पेट्रोलचा काटा आणि इंजिन तापलं की पेटणारा एक लाल दिवा, एवढाच संसार. ह्यांचा त्या दिव्यावर भारी राग. म्हणायचे, "दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. कळायला हवं आधी." त्या वर्षी एप्रिल लागला तसे हे खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत नुसतेच बसायला लागले. काचा वर, हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. मी गॅलरीतून बघायची. खाली जाऊन काय बोलावं हे सुचायचं नाही, म्हणून पन्हं करून पाठवायची.

त्यातून बाहेर काढलं ते माझ्या दाढेनं. दाढ काढायला ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. कोंडेश्वरच्या रस्त्याला त्यांचं शेतघर आहे, तिथे चार गाड्या कापडं घालून झाकून ठेवल्यात. ह्यांचं काम काय होतं हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मला चारही गाड्यांत इंजिनची उष्णता, ऑइलचा दाब आणि बॅटरी, असे तीन-तीन मीटर बसवून हवेत. पण चिकटवल्यासारखे नकोत, गाडीतलेच वाटले पाहिजेत. तुम्ही आधी तुमच्या गाडीत लावा, माळशेज चढून दाखवा. जमलं, तर माझ्या गाड्या तुमच्या ताब्यात. आमचा ग्रुप आहे, त्या सगळ्यांनाही सांगतो." माझ्या तोंडात कापसाचा बोळा, मला बोलता येत नव्हतं. पण ह्यांचा चेहरा दिसत होता. कंपनी सुटल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. आणि माळशेजच्या पलीकडे माझं माहेर. म्हणजे घाट चढलेली गाडी माझ्या भावाच्याच अंगणात उभी राहणार होती, दाजींना शेती बघायला बोलावणाऱ्या भावाच्या. त्या घाटात काय काय पणाला लागलंय हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

तो उन्हाळा मला वासांनी आठवतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गोल भोकं पाडताना येणारा तापलेला वास. वायरी डाग देऊन जोडतानाचा राळेचा धूर. लोणच्यासाठी चिरलेल्या कैऱ्या, आणि पहाटे वारा अंबरनाथकडून आला की येणारा तो कंपन्यांचा आंबूस वास, ज्याला आम्ही इतकी वर्षं शिव्या घातल्या आणि जो आल्यावर हे आता गॅलरीत जाऊन उभे राहायचे. बाजारात तयार मिळणाऱ्या मीटरांच्या तबकड्या ह्यांना पसंत नव्हत्या. त्यांनी काचेभोवतीची कडी उघडून आतल्या तबकड्या काढल्या आणि स्वतःच्या केल्या. पांढरा कागद, बारीक काळे आकडे, हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. कोपऱ्यात कंपनीत असायचा तसा नंबर. मागे इवली चिठ्ठी: "तपासले" आणि तारीख, "पुढील तपासणी" आणि सहा महिन्यांनंतरची तारीख. मी म्हटलं, "गाडी आहे की प्लांट?" तर हसले. जुन्या रेडिओच्या जागी काळी पट्टी बसली, तिच्यात तीन मीटर, आणि मागून हिरवा उजेड. खरंच सांगते, सुंदर दिसत होतं. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीवरचे मीटर सांभाळावे लागले, त्यानं आपल्या मालकीची तीन बोटांएवढी भिंत उभी केली होती.

सामान आणायला उल्हासनगरला मी जायची. हे जात नसत, तिथे ओळखीचे भेटतात आणि "काय चाललंय सध्या?" विचारतात. कॅम्प तीनच्या एका गल्लीत, खोक्यांच्या भिंतींमध्ये बसलेल्या एका शेठचं दुकान होतं. सिंधी, हिंदी आणि मराठी एकाच दमात बोलणारा माणूस. उष्णतेच्या मीटरचा सेन्सर त्याच्याकडून घेतला. सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढं पितळी बोंडूक. खाली आटे, वर वायरीला एक टोक. तो इंजिनात बसतो आणि आतलं पाणी किती तापलं ते काट्याला कळवतो. पिशवीत टाकताना शेठ म्हणाला, "भाभी, साहब को एक बात बोलना. इसके आटे पे वो सफेद टेप मत मारना. ये बॉडी से अर्थ लेता है. टेप मारी तो अर्थ बराबर नहीं मिलेगा, काटा कम ही बताएगा. इंजन उबल गया तो भी."

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "अहो, एकतीस वर्षं हेच काम केलंय त्यांनी."

"तभी तो बोल रहा हूँ," शेठ म्हणाला. "कंपनीवाले का हाथ है, टेप मारे बगैर मानता नहीं."

रिक्षात बसल्यावर मी ते वाक्य मनात दोनदा घोळवलं, भाजीची यादी घोळवतात तसं. अंबरनाथ मागे पडलं, चिखलोली आली. बदलापूर येईपर्यंत मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली होती. घरी आले तर हे ओट्यावरचं सगळं बाजूला सारून उभे, आणि गुणगुणत होते. हे, गुणगुणत होते. दुधाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, सेन्सर तारेनं टांगून पाण्यात सोडला, त्याच्या पितळी अंगाला एक चिमटा लावला, शेजारी स्कूटरची बॅटरी आणि मीटर. थर्मामीटर नव्वद म्हणाला, काटाही नव्वद म्हणाला. "बघ," मला म्हणाले, "खरं बोलतो." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, काटा बरोबर आहे, मग त्या शेठचं कशाला मध्ये आणा? चिमटा थेट पितळेला लागलाय म्हणून विजेला परतीची वाट, तो शेठचा 'अर्थ', मिळतेय, आणि उद्या इंजिनात ती आट्यांतूनच मिळायची, एवढं मला तेव्हा कुठलं कळायला? पण मला कळायची गरजच नव्हती. मला फक्त निरोप सांगायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये मी टॉर्च धरून उभी होते. लाल दिव्याचा जुना सेन्सर त्यांनी काढला, कारण नव्याला तीच जागा हवी होती. "दिव्याची आता गरज काय?" म्हणाले. मग वर न बघता हात पुढे केला. "टेप दे."

आमच्या घरातला एकही नळ त्या टेपवाचून बसलेला नाही. पाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्या गावात थेंब गळू द्यायचा नसतो, आणि ह्यांच्या कंपनीत तर वाफ गळली तर गहजब. मीटर कुठलाही असो, आट्यांवर पांढरी टेप, पाच वेढे. चार कमी, सहा जास्त. कंपनीतल्या त्या मीटरांना वीज लागत नसे, त्यांना टेपच योग्य होती. टेपचं रीळ माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "टेप..."

त्यांनी मान वर केली. कपाळावर घाम, ओठांत स्क्रू, आणि डोळे गेल्या वर्षभरात नव्हते इतके निवळलेले. "काय?"

"थोडीच उरलीय," मी म्हटलं.

"पुरेल," म्हणाले, आणि मी रीळ त्यांच्या हातात दिलं.

चार वर्षं मी त्या क्षणाभोवती फिरते आहे. कधी म्हणते, त्यांनीच बजावलं होतं. कधी म्हणते, दुकानदाराचं काय ऐकायचं, असं मला खरंच वाटलं होतं. दोन्ही खोटं. मला त्यांचे ते निवळलेले डोळे अजून थोडा वेळ हवे होते, एवढंच खरं आहे. ज्याला जपायचं त्याला काही सांगायचं नाही, हे मी कुणाकडून शिकले कोण जाणे. माझी आई असंच करायची. पुष्कळजणी करतात. त्याला आपण माया म्हणतो.

मेच्या अखेरीस, जांभळं नुकती आली होती तेव्हा, आम्ही पहाटे निघालो. बारवी धरणाच्या रस्त्यानं मुरबाड, तिथून पुढे टोकावडे. माझ्या मांडीवर वही, रकाने पाडलेली. वेळ, उष्णता, ऑइल, बॅटरी. कंपनीत तासातासाला वाचन लिहायचे तशी. हे सांगायचे, मी लिहायची. पंचाहत्तर. पंचाहत्तर. पंचाहत्तर. रस्त्याकडेचे पळस केव्हाच झडून गेले होते, सगळा माळ तांबूस आणि कोरडा. काचेतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. मला वाटायला लागलं, शेठ चुकलाच असणार. हे मध्येच म्हणाले, "डॉक्टरांकडचं काम झालं की तुला एकदा कोकणात नेतो." मी वहीच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवलं, गंमत म्हणून.

घाट लागला. दुसरा गिअर, आणि पुढे नुसती चढण. दोन वळणं गेल्यावर गोडसर, काहीतरी शिजल्यासारखा वास आला. मी म्हटलं, "वास येतोय." त्यांनी काट्याकडे बघितलं. "पंचाहत्तर. लिही." मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, नाक काय सांगतंय ते ठाऊक असून. मग इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायला लागलं, ओढ गेली, आणि एका वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी थांबली ती पुन्हा हलली नाही.

हे उतरले नाहीत. त्यांनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. मीटरच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं, अडकलेला काटा सोडवायला करतात तसं. काटा पंचाहत्तरवर होता. समोर वाफ, आणि तो हिरव्या पट्ट्यात आरामात बसलेला. रस्त्याकडेला करवंदं विकणारी एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली आणि मला म्हणाली, "त्यांना सावलीत घ्या, बाई." तिला वाटलं, त्यांनाच काही झालंय.

टेम्पोला बांधून गाडी टोकावड्याला उतरवली. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं ऑइलची काडी काढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, त्यात पाणी शिरलेलं. "इंजिनाचं हेड गेलं," म्हणाला. मग सेन्सर फिरवून काढला आणि बोटात धरला. "काका, ह्याला टेप कोनी मारली? अर्थ कसा भेटल त्याला?"

"मी," हे म्हणाले.

मेकॅनिकनं त्यांच्याकडे बघितलं, मग आत डॅशबोर्डकडे, आणि सांत्वन करावं म्हणून म्हणाला, "बाकी काम मात्र एकदम कंपनीसारखं केलंय."

मी तिथेच उभी होते, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तेव्हाही बोलले नाही. परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले होते, वही मांडीवर उघडून. मुरबाडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा एवढंच म्हणाले, "काटा खोटं बोलला." थोड्या वेळानं, "मीच शिकवलं त्याला."

डॉक्टर चांगले होते. फोन करून म्हणाले, अहो, होतं असं, पुन्हा बसवा. ह्यांनी शांतपणे सांगितलं, "माझ्यावर विसंबू नका." गाडी उल्हासनगरच्या भंगारवाल्यानं नेली. मीटर मी काढून घेतले, ते डाळींच्या खणात मागे पिशवीत आहेत, "पुढील तपासणी"च्या चिठ्ठीसकट. ती तारीख कधीच उलटली. सोसायटीनं विचारलं, टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवाल का? नाही म्हणाले. नळ गळला तर मी प्लंबर बोलावते आणि तो असेपर्यंत हे आतल्या खोलीत बसतात. मागच्या पावसात मला ताप आला. हे आले, उशाशी उभे राहिले, हात अर्धा पुढे केला आणि मागे घेतला. मग थर्मामीटर आणून माझ्या हातात दिला. "तूच बघ," म्हणाले. तो ताप उतरला. बाकी काही उतरलं नाही.

यंदा पुन्हा जांभळं आली. मी बशी ठेवली, समोर बसले. का ते सांगता येत नाही, पण बियांची ओळ सातवर आली तेव्हा मी बोलून टाकलं.

"उल्हासनगरच्या त्या शेठनं मला सांगितलं होतं. सेन्सरला टेप लावू नका म्हणून. लावायच्या आदल्या दिवशी."

त्यांचा हात थांबला. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती. ती थांबल्यावर म्हणाले,

"मग?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, तू तरी काही सांगू नकोस." माझा आवाज मलाच चिरका वाटला. "मला वाटलं, तुम्ही चिडाल."

त्यांनी आठवी बी ओळीत लावली. अंतर नीट बघून, नखानं जराशी सरकवून. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, राग असता तर मी तो आनंदानं घेतला असता.

"चिडलो असतो," म्हणाले. "पण टेप काढली असती."